वितळली, तरी भोकं शाबूत!

देवळात प्रसाद म्हणून मिळालेला खडीसाखरेचा खडा एका हातात घ्या आणि दुसऱ्या हातात लिमलेटची गोळी. दोन्ही कडक, दोन्ही गोड, दोन्हींतून थोडाफार उजेड आरपार जातो. आता दोन्ही नीट निरखून बघा. खड्याला सपाट पैलू आहेत, कोपरे आहेत. गोळी खलबत्त्यात फोडलीत (दातांनी नको!) तर तिच्या तुकड्यांचे काठ वळणदार दिसतील, फुटलेल्या बाटलीच्या काठांसारखे. दोन्हींत मुख्य माल एकच, साखर. मग एवढा फरक का?

फरक आहे तो आतल्या मांडणीत. खडीसाखर बनते ती सावकाश. पाक दिवसेंदिवस थंड होत राहतो आणि साखरेचे रेणू एकामागे एक, एकावर एक, ठरलेल्या अंतरावर येऊन बसतात. अशा शिस्तीच्या पदार्थाला म्हणतात स्फटिक. गोळीचा पाक मात्र कडकडीत तापवतात आणि झटपट थंड करतात. रेणूंना रांग लावायला वेळच मिळत नाही. जो जिथे असेल तो तिथेच थिजतो. आतून द्रवासारखा अस्ताव्यस्त, पण बाहेरून टणक असा हा पदार्थ म्हणजे काच.

हो, लिमलेटची गोळी ही काचच आहे. खायची काच! सिनेमातला हिरो खिडकी फोडून बाहेर उडी मारायचा, तेव्हा त्याला इजा होऊ नये म्हणून खिडकीला खरोखरच साखरेची काच बसवत असत. (शूटिंग संपल्यावर ती काच कोणी खात असेल का, हा प्रश्न मला नेहमी पडतो.)

म्हणजे काच करायची कृती सोपी आहे. पदार्थ वितळवा आणि त्याला रांग लावायची सवड न देता थंड करा. वाळू, सोडा आणि चुना यांचं मिश्रण भट्टीत सुमारे १५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं की आपल्या खिडकीची काच होते. निसर्गही हेच करतो. बुलढाणा जिल्ह्यात लोणारला फार पूर्वी अशनी आदळला, तेव्हा तिथला काळा बेसाल्ट खडक वितळला, त्याचे थेंब उडाले आणि थिजून काचेचे बारीक मणी झाले. संशोधकांना ते मणी तिथल्या मातीत सापडले आहेत. धातूची काचसुद्धा करता येते, पण धातूचे अणू रांग लावण्यात भलतेच चपळ असतात. १९६० मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेत पोल दुवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनं आणि सिलिकॉन यांचं मिश्रण वितळवून असं काही झटक्यात थंड केलं की अणू जागच्या जागी गोठले. झटका केवढा? सेकंदाला सुमारे दहा लाख अंश या वेगाचा!

तर वाळूची काच झाली, धातूची झाली, साखर-प्लॅस्टिकच्या जातीची झाली. काचेची घराणी तीनच, असं बराच काळ सगळे धरून चालले होते. मग गेल्या दहा-पंधरा वर्षांत एक चौथं घराणं उगवलं. या काचेत म्हणे भोकं असतात. डोळ्यांना दिसणारी नव्हेत, एखाददुसरा रेणू कसाबसा आत शिरेल एवढी चिमुकली.

ही भोकं आली कुठून, ते कळायला आधी ऑस्ट्रेलियात जावं लागेल, तेही १९७४ सालात.

मेलबर्न विद्यापीठात रिचर्ड रॉब्सन नावाचे रसायनशास्त्राचे शिक्षक होते. विद्यार्थ्यांना रेणूंची रचना समजावी म्हणून त्यांना लाकडी चेंडू आणि काड्या वापरून प्रतिकृती करायच्या होत्या. चेंडू म्हणजे अणू, काड्या म्हणजे बंध. पण चेंडूंना भोकं पाडायची तर ती कुठेही पाडून चालत नाहीत. कार्बनचे चार बंध ठरावीक दिशांनाच निघतात. म्हणून रॉब्सन यांनी प्रत्येक चेंडूवर भोक कुठे हवं त्याच्या खुणा करून ते विद्यापीठाच्या कारखान्यात धाडले. चेंडू परत आले, रॉब्सन जोडायला बसले आणि त्यांच्या लक्षात एक गंमत आली. भोकं योग्य जागी पडली असली की रेणू आपसूक योग्य आकाराचा होतो! चुकीचा करू म्हटलं तरी होत नाही. मग लाकडी चेंडूंऐवजी खरे धातूचे अणू घेतले आणि काड्यांऐवजी खरे रेणू घेतले तर? नुसतं मिसळायचं, आणि रचना आपली आपण उभी राहील?

हा विचार त्यांच्या डोक्यात दहा वर्षांहून जास्त काळ घोळत होता. शेवटी त्यांनी तांबं आणि चार हातांचा एक रेणू एकत्र आणला आणि खरोखरच एक जाळीदार स्फटिक तयार झाला. १९८९ मध्ये त्यांनी ते छापलं. या जाळीत अणूंपेक्षा मोकळ्या जागाच जास्त होत्या.

रॉब्सन यांच्या जाळ्या नाजूक होत्या, चटकन कोसळायच्या. त्यांना पक्क्या पायावर उभं केलं ते दोघांनी. एक जपानमधल्या क्योटोचे सुसुमु कितागावा. त्यांच्या जाळीतून वायू आत जायचा, बाहेर यायचा आणि जाळी जशीच्या तशी राहायची. दुसरे ओमर याघी, जन्म जॉर्डनमधल्या अम्मान शहरातला. त्यांचं मोठं कुटुंब एका खोलीत राहायचं, तेही गुरांसोबत. घरात वीज नाही, नळ नाही. दहा वर्षांचे असताना ते शाळेच्या बंद ग्रंथालयात गुपचूप शिरले आणि तिथल्या एका पुस्तकात त्यांना रेणूंची चित्रं दिसली. काय आहे ते कळलं नाही, पण डोळे तिथून हलेनात. मोठेपणी याघींनी अमेरिकेत केलेल्या एका जाळीची दोन-चार ग्रॅम पूड घेतली, तर तिच्या आतल्या सगळ्या भिंतींचा पसारा फुटबॉलच्या मैदानाएवढा भरतो. या तिघांना २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. या जाळ्यांचं नाव मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क. आपण थोडक्यात मॉफ म्हणू या.

मॉफ करतो काय? हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडतो, वायू साठवतो, वाळवंटातल्या कोरड्या हवेतून रात्री पाण्याची वाफ शोषून सकाळी ती पाणी म्हणून देतो. एवढा गुणी. पण त्याची एक मोठी खोड आहे. मॉफ बहुतेक वेळा मिळतो तो पुडीच्या रूपात. बारीक बारीक स्फटिक. त्याचा तक्ता करा म्हणाल तर होत नाही, नळी करा म्हणाल तर होत नाही. दाबून वडी केली तर दोन कणांच्या मधल्या फटींतून वायू सरळ निसटतो. गाळणीच्या भोकांपेक्षा गाळणीच्या चिराच मोठ्या, असली गाळणी काय कामाची?

काच असती तर किती छान झालं असतं! काच वितळते, ओतता येते, हवा तो आकार घेते आणि तिच्यात कणांच्या फटी नसतात. मग मॉफ वितळवून काच का करू नये?

इथे पुन्हा साखरेकडे या. साखर कोरड्या कढईत तापवताना कधी पाहिलीय? वितळते न वितळते तोच तांबूस होते, जरा जास्त आच लागली की काळी, मग धूर आणि घरभर करपल्याचा वास. साखरेत कार्बन असतो आणि वितळण्याआधीच किंवा वितळतानाच तिचे रेणू तुटायला लागतात. मॉफमधल्या काड्याही कार्बनच्याच रेणूंच्या. म्हणून बहुतेक मॉफ तापवले की त्यांची जाळी मोडते, काड्या करपतात आणि हाती उरतो काळा चुरा. वितळणं राहतं बाजूला. मॉफ वितळवू पाहणं हा वेडेपणाच वाटावा, अशी परिस्थिती होती.

या गोष्टीला वळण दिलं ते मॉफच्या एका खास शाखेनं. तिचं नाव झिफ. झिफमध्ये धातू असतो जस्त (कधी कधी कोबाल्ट) आणि काडीच्या जागी असतो इमिडॅझोल नावाचा पाच कोनांचा चिमुकला रेणू. तीन कार्बन, दोन नायट्रोजन. प्रत्येक जस्ताला चार हात, प्रत्येक हाताला एक इमिडॅझोल, आणि प्रत्येक इमिडॅझोलच्या पलीकडच्या टोकाला दुसरं जस्त.

आता कंपासपेटीतला कोनमापक काढा आणि वहीत १४५ अंशांचा कोन काढा. जस्त, मधला इमिडॅझोल आणि पलीकडचं जस्त यांच्यात साधारण हाच कोन असतो. आणि वाळूत? सिलिकॉन, मधला ऑक्सिजन आणि पलीकडचा सिलिकॉन यांच्यातही जवळपास तेवढाच! वाळूतल्या सिलिकॉनलाही चारच हात असतात. म्हणजे झिफ हा वाळूचा दूरचा भाऊच म्हणायचा, फक्त अंगानं थोराड. वाळूपासून काच होते, तर या भावापासून का होऊ नये?

जाता जाता आपल्या जवळचं एक नाव सांगतो. २००८ मध्ये याघींच्या प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका दमात ९६०० इवल्या इवल्या रासायनिक क्रिया करून पाहिल्या आणि त्यांतून २५ प्रकारचे झिफ मिळवले. हे बॅनर्जी पुढे बरीच वर्षं पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे पाषाण रस्त्यावरच्या एनसीएलमध्ये, संशोधन करत होते.

वितळवण्याचं कोडं सुटलं ते मात्र इंग्लंडमधल्या केंब्रिजला. थॉमस बेनेट यांनी झिफ-४ नावाचा स्फटिक तापवायला घेतला. उघड्या हवेत नव्हे. हवेतल्या ऑक्सिजननं तो जळाला असता, म्हणून आरगॉनसारखा कशातच भाग न घेणारा वायू भोवती सोडून. साधारण ३०० अंशांच्या पुढे झिफ-४ ची रांग मोडली आणि तो अस्ताव्यस्त झाला, पण वितळला नाही. आणखी तापवल्यावर त्यानं चक्क पुन्हा रांग लावली. पहिल्यापेक्षा वेगळी, जास्त दाटीवाटीची. इथे कोणीही म्हणालं असतं, झालं, आता पुढे करपणार. पण ५९० अंशांच्या आसपास तो स्फटिक वितळला! करपण्याच्या अगदी उंबरठ्यावर. मग तो थंड केला आणि हाती आली पारदर्शक काच. २०१५ मध्ये बेनेट, डेन्मार्कचे युआनझेंग युए आणि इतरांनी हे जगाला सांगितलं. त्याच वर्षी क्योटोमध्ये सातोशी होरिके आणि कितागावा यांच्या गटानंही जस्ताचे असेच, पण साध्या बांधणीचे पदार्थ वितळवून दाखवले. ते तर २०० अंशांच्या आतच वितळले.

पण वितळताना आत चाललेलं असतं काय? वितळणं म्हणजे बंध सुटणं. जस्ताचे चारही हात सुटले तर जाळी संपली, भोकं संपली. मग भोकं टिकली कशी?

याचं उत्तर २०१७ मध्ये मिळालं. पॅरिसमध्ये संगणकावर एकेका अणूची हालचाल काढली गेली आणि अमेरिकेत तापत्या नमुन्यावर जोरदार क्ष-किरण सोडून ती पडताळली गेली. दिसलं ते असं, की जस्ताचे चारही हात एकदम कधीच सुटत नाहीत. एक इमिडॅझोल हात सोडतो आणि लगेच शेजारचा दुसरा तो हात धरतो. खो-खोत कसं, बसलेल्यांतला एक उठतो न उठतो तोच खो देणारा त्याच्या जागी बसतो. माणसं सारखी बदलतात, पण पाटी कधी रिकामी दिसत नाही. जस्ताचंही तसंच. कोणत्याही क्षणी पाहिलं तर जवळजवळ प्रत्येक जस्ताचे चार हात गुंतलेलेच. हा खो किती वेगानं दिला जातो? एका सेकंदाचे एक लाख कोटी भाग करा. तसले मोजकेच भाग पुरतात. अशा अदलाबदलीमुळे पदार्थ वाहू शकतो, आणि जाळी पूर्ण कधीच मोडत नसल्यामुळे द्रवाच्या पोटातही मोकळ्या जागा शिल्लक राहतात. भोकं असलेला द्रव! मला तर या सगळ्या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात अजब वाटतो. पाण्यात भोक पाडून बघा म्हणजे कळेल.

आता झिफ-४ वितळतो खरा, पण ५९० अंशांना, आणि तिथे जरा हात चुकला की करपलाच. स्वयंपाकघरात यावर एक जुनी युक्ती आहे. गुलाबजामच्या पाकाची साखर होऊ नये म्हणून आजी त्यात लिंबू पिळते ना? लिंबाच्या आंबटपणानं साखरेचे काही रेणू फुटून दोन वेगळ्या आकाराच्या साखरा होतात. रांगेत हे वेगळे भिडू घुसले की रांग लागतच नाही. संशोधकांनी झिफमध्येही वेगळा भिडू घुसवला. इमिडॅझोलच्या जोडीला थोडा बेंझिमिडॅझोल, म्हणजे त्याच जातीचा पण पाठीवर जास्तीचं कडं असलेला अवजड रेणू. हा झाला झिफ-६२. तो ४३० अंशांच्या आसपासच वितळतो, तेव्हा करपायला अजून पुष्कळ वाव असतो. आणि त्याचा द्रव इतका दाट की सावकाश थंड केला तरी त्याची रांग लागत नाही, काचच होते. पुढे ती काच सुमारे ३२० अंशांना पुन्हा मऊ पडते. या काचेवरचं बरंचसं संशोधन आज झिफ-६२ वरच चालतं, ते याचमुळे.

दरवेळी मात्र नशीब साथ देत नाही. झिफ-८ हा सगळ्या झिफांतला सगळ्यात नावाजलेला. पण तो एकटा तापवला तर न वितळता करपतो. त्याला वितळवायला भोकांत आधी एक विशेष प्रकारचं द्रवरूप मीठ भरावं लागलं, जे आतून जाळीला सांभाळून घेतं.

आणि भोकांचं काय? इथे खरं सांगायला हवं. झिफ-४ च्या काचेत मोकळ्या जागा होत्या, पण आत जायच्या वाटा जवळजवळ बुजलेल्या. घरात खोल्या आहेत पण दारं नाहीत, मग पाहुणा येणार कसा? २०१८ मध्ये झिफ-७६ च्या काचेत वायू आत शिरतो आणि बाहेरही येतो हे दाखवता आलं, तेव्हा कुठे सच्छिद्र काच हे नाव तिला शोभू लागलं. तरीही मूळ स्फटिकाएवढी मोकळी जागा या काचेत नसते. वितळण्याची किंमत काही प्रमाणात भोकांतच मोजावी लागते.

२०२० मध्ये झिफ-६२ च्या काचेचा पातळ पडदा करून त्यातून वायू वेगळे करून दाखवले गेले. हायड्रोजनचा रेणू बारीक, तो पार निघून जातो. मिथेनचा थोराड, तो अडतो. कारखान्यांत वायू वेगळे करायला आज पुष्कळदा ते तापवावे नाहीतर अतिथंड करावे लागतात आणि त्यात ऊर्जा भरमसाट जाते. नुसतं गाळून काम भागलं तर हवंच आहे. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठातल्या आणि इतर ठिकाणच्या संशोधकांनी या काचेला आणखी एक काम दिलं. पेरोव्हस्काइट नावाचे सुंदर उजेड देणारे स्फटिक असतात, पण ते भारी नाजूक. ओलाव्यानं खराब होतात. त्यांना झिफच्या काचेत पुरून टाकलं, तर ते सुरक्षित राहिले आणि चमकतही राहिले.

खिडकीला ही काच बसवायच्या भानगडीत मात्र कोणी पडू नये. वाळू स्वस्तात मिळते, इमिडॅझोल नाही. आम्लात ही काच टिकत नाही, आणि आजवर हाती आलेत ते लहान लहान तुकडेच. तिची खरी जागा गाळणीत आहे, असं माझं मत. अडचण एवढीच, की माणसानं बनवलेले मॉफ हजारोंनी आहेत आणि त्यांतले वितळणारे अगदी मोजके. एखादा नवा मॉफ वितळेल की करपेल, हे त्याची रचना नुसती पाहून आजही खात्रीनं सांगता येत नाही. तो तापवूनच बघावा लागतो.